कोकिळामावशीच्या दुमडी

लहानपणी माझ्याकडे एक परकर होता. तो घालून मला धड पळता येत नसे. आईच्या लग्नातल्या हिरव्या शालूचा तो परकर, दिसायला देखणा, पण आत एवढं कापड दुमडून ठेवलेलं की दोन ढांगा टाकल्या की ते पायांत यायचं. सेलूतल्या आमच्या गल्लीत निम्म्या पोरींची हीच तऱ्हा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, नटूनथटून, लाकडी नंदी ओढत आम्ही घरोघर बोजारा मागायला निघालो की मुलं खाऊ मिळवायला पुढे पळत, आणि आम्ही मागून कमरेवर हात देऊन पोटुशा बायांसारख्या चालत असू. मुलांची ओंजळ भरलेली असायची, आमच्या वाट्याला उरलेसुरले मुरमुरे. या सगळ्याला जबाबदार होती कोकिळामावशी.

मावशी आमच्या समोरच्या घरात राहायची. सख्खी नव्हे, गल्लीची मावशी. नवरा रूपराव, थोडी कापसाची शेती आणि हंगामात जिनिंगमध्ये काम. मावशीकडे एक हातमशीन होती, तिचं चाक फिरताना कण्हल्यासारखा आवाज यायचा. नव्या कापडाला मात्र ती हात लावत नसे. कोणी ब्लाऊजपीस घेऊन आलं तर "टेलर कायले ठेवले मंग गावात?" म्हणून दारातूनच वाटेला लावायची. तिच्याकडे यायचं ते लोखंडी पेटीच्या तळातलं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. आईचा शालू, बापाचा लग्नातला कोट, आजोबांचा फेटा. एकदा अंगावर चढून मग जन्मभर पेटीत पडून राहणाऱ्या या कपड्यांतून ती पोराटोरांचे सणाचे कपडे काढायची. तान्हा पोळा, मुंज, मामाचं लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, कुठंही जा, मावशीच्या हातचं पोर लांबून ओळखू यायचं. कारण ते फुगलेलं असायचं. कोटाचं जाकीट करायचं तरी ती बाही कापायची नाही, आत वळवायची. असं जाकीट घातलेला मुलगा हात वर करून उभा राहिला की पैलवान वाटायचा.

हे खूळ तिनं माहेराहून आणलं होतं. माहेर जाम, तिकडे समुद्रपूरकडचं, जिथं मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. तिचे वडील बापूजी तिथं रस्त्याच्या कडेला बसून ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. लहानपणी एकदा बापूजी चहाला गेलेले असताना एक छोटी गाडी आली. कोकिळेनं हुशारी दाखवून ताडपत्री त्या गाडीच्या मापाची कापून, शिवून दिली. पुढच्याच खेपेला तोच मालक मोठा ट्रक घेऊन हजर. त्यानं जो तमाशा केला तो अख्ख्या जामनं ऐकला. बापूजींनी मुलीवर हात उचलला नाही. म्हणाले, "कापलं का ते गेलं, बाई. दुमडून ठेवजो. आज लहान गाडी आहे, उद्या मोठी येईन." मावशीनं तेवढं एक वाक्य गाठीला बांधलं आणि आयुष्यभर सेलूच्या पोरींवर चालवलं. नवी पोरगी माप द्यायला आली की तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणायची, "आज लहान गाडी आहे."

पण खरं कारण याहून पुढचं होतं. आमच्याकडे लग्नात नवरीच्या अंगावरचं वस्त्र अखंड लागतं. कात्री लागलेलं, जोडलेलं चालत नाही. म्हणून आईचा शालू एकदा पोरीसाठी कापला की तो सणापुरता उरला, लग्नातून गेला. मावशीला हे पटत नव्हतं. तिचं म्हणणं, परकर करा, पण शालूला कात्री लावू नका. रुंदीत आडव्या दुमडी घाला, उरलेली लांबी आत अस्तराला घ्या, पोलकं दुसऱ्या खणाचं शिवा. पोरगी वाढेल तशी दर वर्षी एक दुमड उसवा, आणि लग्नाच्या दिवशी सगळं उसवलं की आईचा शालू जसाच्या तसा हातात. त्यासाठी ती केसासारखी बारीक सुई वापरायची, टाके लांब आणि सैल घालायची आणि दुमडीवर इस्त्री कधी फिरवू द्यायची नाही, कारण घडी बसली की रेशीम त्या रेघेवर चिरतं. आम्ही फुगायचो ते यामुळे.

बाया तिच्या तोंडावर हसायच्या. रूपराव तर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "आमची बायको शालू घेते, परकर देते. आजवर एकबी शालू वापस गेलेला म्या पाह्यला नाई."

"लगनं होऊ द्या ना पोरींचे," मावशी आतून ओरडायची. "काऊन घाई करून राह्यले?"

एकाहत्तर साल असावं. मी आणि माझी मैत्रीण मीरा पहिलीत होतो. मीराचे वडील नरहर गुरुजी आमच्याच शाळेत शिकवायचे, आणि आई सुमतीकाकू, गल्लीतली सगळ्यात देखणी बाई, त्या वर्षी आजारी होत्या. वर्ध्याच्या दवाखान्यात दोनदा राहून आल्या होत्या. मोठी माणसं त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची, तेवढ्यावरून आम्हाला कळायचं ते कळलं होतं. तान्हा पोळा जवळ आला तशा त्या एका दुपारी गुरुजींचा हात धरून मावशीकडे आल्या. काखेत त्यांचा लग्नातला शालू. डाळिंबी रंगाचा, पदरावर जरीच्या कोयऱ्या. मी तिथंच मशीनजवळ बसून चिंध्या वेचत होते.

"कोकिळाबाई, मीराला पोळ्याला याचा परकर करायचा," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पद्धतीचा नको. सरळ कापा. हलका करा. पोरीला पळता आलं पाहिजे."

"आन लगनाले?"

"लग्न कोणी बघितलंय? मला आत्ता बघायची आहे ती."

गुरुजी खाली बघत उभे राहिले. मावशी अशी गप्प बसणारी नव्हे. देवाशी वाद घालायची ती बाई. पण त्या दिवशी तिनं शालू मांडीवर घेतला आणि फक्त "बरं" म्हणाली. मला मीराचा इतका हेवा वाटला की विचारू नका. सगळ्या गल्लीत एकटीला पळता येणारा परकर मिळणार होता.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मावशी परकर घेऊन सुमतीकाकूंकडे गेली, मागे शेपटासारखी मी. काकू खाटेवर टेकून बसल्या होत्या. त्यांनी परकर दोन्ही तळहातांवर घेतला, जरा वरखाली केला. मग मावशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जड झालाय," त्या म्हणाल्या.

"जरीचं कापड आहे," मावशी म्हणाली. "जड राह्यतेच."

सुमतीकाकू हसल्या. "असू दे," म्हणाल्या.

दुपारी मीरा आमच्यात आली ती आमच्यासारखीच, कमरेवर हात देऊन. मला आतून फार बरं वाटलं. काकूंना खुर्चीवर बसवून ओट्यावर आणलं होतं. आमचे नंदी त्यांच्या दारासमोरून गेले तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बोजारा दिला, आणि मीराला दोनदा. त्या वर्षीच्या थंडीत त्या गेल्या.

त्यानंतर मीरा दर वर्षी पोळ्याच्या आधी मावशीकडे यायची आणि मावशी एक दुमड उसवायची. आत दडलेला रंग बाहेर यायचा, उरलेल्या परकरापेक्षा गडद. पण ते कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे. वाढत्या पोरीच्या प्रत्येक फ्रॉकला, प्रत्येक परकराला असा पट्टा असायचाच. गुरुजींनाही परकराला दोन-चार दुमडी आहेत एवढं दिसत होतं. पण बाकी शालू बायकोच्या शब्दाप्रमाणे कापला गेला, असंच ते धरून चालले होते. मीरानंही कधी विचारलं नाही. सातवी संपल्यावर तिनं परकर घालणं सोडलं आणि तो पेटीत गेला. मावशी दर दसऱ्याला तो मागवून घ्यायची, झटकून, हवा देऊन परत पाठवायची.

मग ऐंशी साल आलं आणि चांदी भडकली. नागपूरकडून चंद्रभान नावाचा जरीवाला तराजू घेऊन आमच्या गल्लीत येऊ लागला. जुनी जरीची कापडं घ्यायचा, जाळायचा आणि राखेतून चांदी काढायचा. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा, पोरांना गोळ्या द्यायचा. पण सहा महिन्यांत गल्लीतल्या सगळ्या पेट्या त्यानं हलक्या केल्या. माझा हिरवा परकरही गेला. "तुले आता येते का तो?" एवढंच आईनं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत तराजूत टाकला. वरून तिला एक स्टीलचा डबा मिळाला. त्या डब्यात आजही तूरडाळ असते आणि झाकण काढताना मी आजही चंद्रभानला एक शिवी देते. ज्या परकराला मी जन्मभर नावं ठेवली त्याच्यासाठी मी दोन दिवस जेवले नव्हते, यावर घरात कोणाचा विश्वास बसत नाही.

माझ्या परकरानंतर चंद्रभान गुरुजींच्या दारात गेला. मीरा धावत, अनवाणी, रस्ता ओलांडून मावशीकडे आली. ती नुसतं घराकडे बोट दाखवत होती. मावशी उठली, सुई पदराला टोचली आणि निघाली. मी अर्थातच मागे. आम्ही पोचलो तेव्हा परकर तराजूत होता. मावशीनं तो उचलला तो थेट आपल्या खांद्यावर टाकला. तराजूचं रिकामं पारडं उडून चंद्रभानच्या हनुवटीला लागलं.

"गुरुजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"कोकिळाबाई, मीराला आता तो होत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतही चढत नसे. "पेटी उघडली की पोर रडत बसते. आणि कापलेला शालू तो. त्याचं दुसरं काय होणार?"

"कोनं सांगतलं कापला म्हून?"

"तिच्या आईनंच तुम्हाला कापायला सांगितलं होतं. माझ्यासमोर."

"सांगतलं होतं. म्या कापला नाई."

चंद्रभान हनुवटी चोळता चोळता सावध झाला. "पूरा आहे काय, बाई? पूरा असंन तं भाव येगळा. उसवून दाखवा ना जरा."

"तुले दाखवाले उसवू?" मावशी त्याच्यावर अशी फिरली की त्यानं तराजू छातीशी धरला. "मी उसवीन ते पोरीच्या लगनाले. तोवर ह्याले कोनी हात लावाचा नाई."

"म्हणजे आज पुरावा नाही," गुरुजी म्हणाले.

"पुरावे शाळेत मांगा, गुरुजी. इथं माही जबान आहे. लगनाले तुकडे निघाले, तं माही मशीन ह्याच्या तराजूत टाकजा."

गल्ली जमली होती. एवढ्या लोकांत मशीन पणाला लावल्यावर गुरुजींनी चंद्रभानला वाटेला लावलं. परकर पुन्हा पेटीत गेला. रूपरावांनी त्या संध्याकाळी मशीनला तेल दिलं. "जाची आहे तं चांगली दिसून जाऊ दे," म्हणाले. मावशीनं त्यांना जेवायला वाढलं, पण भाकरी गार वाढली.

पाच-सहा वर्षं गेली. मीराचं लग्न ठरलं, मुलगा कारंजा घाडग्याचा, बँकेत कारकून. त्याची आई सुमित्राबाई, उंच, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली, बोलणं मोजकं. शालू मुलाकडचे देतात, रीत तशी. पण साखरपुड्याला मीरानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मला आईचा शालू नेसून उभं राहायचंय." एरवी वडिलांसमोर पाणी मागायलाही लाजणारी मुलगी. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

सुमित्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. परकराचं, दुमडींचं, मशीनच्या पैजेचंही. मग म्हणाल्या, "आईचा आहे, माझी ना नाही. पण शालू अखंड पाहिजे. आणि नवरीच्या अंगावर शोभला पाहिजे. बस्ता घ्यायला वर्ध्याला जाऊ तेव्हा आधी इथं येते. मला पटला तर मी शालू घेत नाही. नाही पटला तर मी घेईन तो नेसायचा, आणि मग रडायचं नाही."

मीरानं मान हलवली. त्यानंतर बस्त्याच्या दिवसापर्यंत ती रोज संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर येऊन बसायची. काही विचारायची नाही. मावशी पण काही सांगायची नाही. एकदाच मी विचारलं, "मावशी, खरंच नाही ना कापला?" तर माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून घरी गेले.

बस्त्याच्या दिवशी गुरुजींच्या अंगणात सतरंजी घातली. मावशीला आता चष्मा लागला होता. ती पाय मुडपून बसली, परकर मांडीवर घेतला आणि आधी नाडी ओढून काढली. कात्री तिनं घरीच ठेवली होती. सुईच्या टोकानं ती एकेक टाका उचलायची आणि दोरा चिमटीत धरून असा काढायची की रेशमाला कळू नये. जिथं टाक्यांची भोकं दिसत तिथं ओलं फडकं फिरवून नखानं हळू घासायची, की भोक मिटून जायचं. नेफा सुटला. मग अस्तर सुटलं, आणि ते अस्तर नव्हतंच, शालूचाच दुसरा भाग होता. मग वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली आतली मोठी दुमड सुटली. त्या एवढ्याशा परकरातून कापड येतच राहिलं. सतरंजी भरली, मग मी आणि मीरानं एक टोक धरून मागे मागे सरकायला सुरुवात केली, तुळशीपर्यंत. गुरुजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली वाकून चालत गेले, परीक्षेच्या वर्गात फिरायचे तसे. कुठंही काप नव्हता. कुठंही जोड नव्हता.

"अखंड आहे," ते म्हणाले. "कोकिळाबाई, अखंड आहे हो."

मावशी पदराकडे बघत होती, आणि मग आम्हालाही ते दिसलं.

परकर करताना शालूची देखणी बाजू, पदराकडची, बाहेर घेतली होती. तीच बाजू पोळ्याच्या उन्हात फिरली होती, रिठ्याच्या पाण्यात बुडाली होती. आणि दर वर्षी एक दुमड उघडल्यामुळे प्रत्येक भागाला वेगवेगळं ऊन लागलं होतं. काठाशी फिका गुलाबी पट्टा, त्याच्यावर जरा गडद, त्याच्यावर आणखी गडद, असं चढत चढत शेवटी डाळिंबी. जरीच्या कोयऱ्या त्या सगळ्या पट्ट्यांवरून आडव्यातिडव्या गेलेल्या. परकराला हे चालून गेलं होतं. आता हे नवरीच्या खांद्यावर येणार होतं, अगदी समोर.

मी मावशीला इतक्या वर्षांत गडबडलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सगळं पाह्यलं म्या," ती हळू म्हणाली. "टाका पाह्यला, घडी पाह्यली. ऊन नाई पाह्यलं." मग एकदम सुमित्राबाईंकडे वळली. "विहीनबाई, मले थोडा टाइम द्या. रंगाऱ्याकडं नेतो, एकसारका रंग करून आनतो."

सुमित्राबाई शालूच्या कडेला उभ्या होत्या. "अखंड आहे, ते खरं," त्या म्हणाल्या. "पण नवरीला विटका शालू नेसवला असं चार लोक म्हणणार. रंगवून घेतला तर बघता येईल."

"नाही," मीरा म्हणाली.

ती खाली बसली, गुडघ्यांवर. काठाशी जो सगळ्यात फिका पट्टा होता त्यावर तिनं हात ठेवला.

"हा पहिलीतला. आई ओट्यावर बसली होती तेव्हा एवढाच बाहेर होता. आईनं मला बघितलं ते एवढ्यात. ह्याच्यावरचे सगळे ती गेल्यावर उघडले." तिचा हात पट्ट्यापट्ट्यानं वर सरकत गेला आणि डाळिंबी भागावर थांबला, जो त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात आला होता. तिथं हळदीच्या बोटांचे दोन डाग होते, अजून पिवळे. "आणि हा तिच्या लग्नातला. मधलं सगळं माझं आहे. मी हे रंगवणार नाही. तुम्ही म्हणाल तो शालू मी नेसेन, रडणार नाही. पण हा रंगवायचा नाही."

गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. सुमित्राबाई वाकल्या. त्यांनी हळदीच्या डागांवरून बोट फिरवलं, मग फिक्या पट्ट्यावरून. मग एक टोक स्वतः उचललं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि शालूची सैल घडी घालायला लागल्या.

"दाबू नकोस गं घडी, चिरेल," मला म्हणाल्या. आणि मग गुरुजींना, "चला, बस जाईल. एक शालू कमी घ्यायचाय, तर त्यात तिला चार बऱ्या साड्या घेऊ."

मावशीनं तोंडाला पदर लावला. पण थोडाच वेळ. आम्ही बसस्टँडकडे निघालो तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून रूपरावांना ओरडून सांगत होती, "मशीनले अजून तेल द्या! आता लय वर्षं चालाची आहे ते!"

हळदीच्या दिवशी शालू हवेला म्हणून दोरीवर टाकला होता. कारंज्याच्या बाया तिथून हलेनात. एकीनं विचारलं, हे पट्ट्यापट्ट्याचं नवीन निघालंय का, नागपूरला मिळतं का. मावशी तोवर पूर्ण सावरली होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भेटते ना. पन पंधरा वर्षं आधी सांगा लागते." त्यातल्या दोघीजणी पुढच्या महिन्यात खरंच आपापले शालू घेऊन तिच्याकडे आल्या, मुलींना बरोबर घेऊन. त्याही मुली पुढे कमरेवर हात देऊन चालल्या असणार.

लग्नाच्या दिवशी मीराला शालू मावशीनंच नेसवला. खोलीत आम्ही तिघीच होतो. मावशी निऱ्या खोचत होती, तोंडात पिना, म्हणून गप्प होती. शेवटी तिनं पदर उचलून मीराच्या खांद्यावर टाकला आणि मीराचा खांदा जरा खाली गेला.

"मावशी, केवढा जड आहे गं हा."

मावशीचे हात थांबले. तिनं तोंडातल्या पिना काढून मुठीत घेतल्या.

"तुही माय बी असंच म्हने."

"कधी?"

"परकर हातात देल्ला तवा. हलका करजा म्हनून गेलती ना ते. कापजा म्हने. म्या हो म्हटलं आन जड देल्ला. तिनं असा हातावर तोलला आन माह्याकडं पाह्यलं." मावशीनं तळहात वरखाली करून दाखवले. "तिले समजलं होतं, मीरा. हा तुह्या लगनाले येनार, हे पाहून गेली ते."

मी होते त्या दिवशी तिथं. त्या जरीबद्दल बोलताहेत असं मला वाटलं होतं. आता मावशीचे ते रिकामे तळहात पाहिले आणि मला खाटेवरच्या सुमतीकाकू दिसल्या, त्यांचं हसू दिसलं, आणि मी भिंतीला टेकून हमसून रडले. मीरा रडली नाही. तिनं सांगितलंच होतं, रडणार नाही म्हणून. ती दोन्ही हातांनी पदर धरून उभी राहिली, आईनं धरला होता तसा, आणि त्याचं वजन बघत राहिली.

बाहेरून सुमित्राबाईंचा आवाज आला, "मुलीला आणा, वेळ होतेय." मावशीनं शेवटची पिन लावली, मागे सरून पाहिलं आणि दार उघडलं. मीरानं सवयीनं एक हात कमरेवर ठेवला आणि तान्ह्या पोळ्याला आम्ही चालायचो तशी, हळूहळू, ती मांडवाकडे निघाली.